कॅल्शियमला क्षण, क्रोमियमला तास: लिगंड बदलाचा वेग आपल्या लॅबमध्ये कसा मोजायचा

पाण्याचा जडपणा काढायचं प्रॅक्टिकल सोलापुरातल्या बी.एस्सी.च्या प्रत्येक मुलाने केलेलं असतं. कोनिकल फ्लास्कमध्ये बोअरचं पाणी, अमोनियाचं बफर, शेवट रंगाने दाखवणारं चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ब्यूरेटमध्ये ईडीटीए, म्हणजे धातूचे आयन पकडून ठेवणारं संयुग. आपल्याकडचं पाणी जड, त्यामुळे ब्यूरेट बरीच खाली उतरते. मग एका थेंबाला लालसर रंग जातो आणि निळा येतो. थेंब पडला, फ्लास्क हलवला, काम झालं.

आता त्याच बाटलीतलं ईडीटीए क्रोमियम नायट्रेटच्या द्रावणात ओता. काहीच होत नाही. पाच मिनिटं थांबा, तरी नाही. दरवर्षी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातलं कुणीतरी परीक्षानळी हातात घेऊन येतं आणि विचारतं, "सर, रंगच बदलेना की. ईडीटीए खराब झालंय का?"

ईडीटीए उत्तम आहे. नळी स्टँडला लावून घरी जा आणि उद्या सकाळी बघा, गडद जांभळा रंग आलेला असेल. तो एकदा आला की सहजासहजी जात नाही. ईडीटीएशी कॅल्शियमच्या कॉम्प्लेक्सचा, म्हणजे दोघांच्या जोडणीचा, स्थिरांक (पकडीचं माप) लॉगमध्ये १०.७ आहे, क्रोमियमचा २३.४ च्या आसपास. म्हणजे क्रोमियमची पकड कैक लाख कोटी पटींनी घट्ट, आणि तरीही ती बसायला तास लागतात. किती घट्ट बसणार आणि किती लवकर बसणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. दुसऱ्याचं उत्तर मोजूनच काढावं लागतं, आणि ते कसं मोजायचं हे मी इथे सविस्तर सांगणार आहे. महागडं यंत्र लागत नाही. साधा कलरीमीटर, पीएच मीटर, वॉटर बाथ, थर्मामीटर, बर्फ आणि एक मोकळा दिवस एवढं पुरतं.

आधी थोडं डोक्यात बसू द्या

पाण्यात विरघळलेला धातूचा आयन एकटा नसतो. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू बसलेले असतात, बहुतेक वेळा सहा, अष्टफलकाच्या सहा टोकांवर. धातूला असं चिकटून बसणाऱ्या रेणूला किंवा आयनाला लिगंड म्हणतात. लिगंड बदल म्हणजे त्यातला एक उठणार आणि दुसरा त्या जागी बसणार. पाण्याचा एक रेणू आपल्या जागेवर सरासरी किती वेळ टिकतो, हे वेगवेगळ्या धातूंसाठी मोजलेलं आहे, आणि ते आकडे मी मुलांना फळ्यावर मुद्दाम लिहून दाखवतो. २५ अंशांना द्विसंयुजी तांब्यावर एका नॅनोसेकंदाहूनही कमी. निकेलवर सेकंदाचा तीस हजारावा भाग. त्रिसंयुजी क्रोमियमवर जवळपास पाच दिवस. इरिडियमवर सुमारे तीनशे वर्षं.

निकेल आणि क्रोमियम आवर्तसारणीत चार घरांच्या अंतरावर आहेत, आणि वेगात एवढी दरी. कारण इलेक्ट्रॉनच्या मांडणीत आहे. क्रोमियमचे तीन डी-इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षकांत एकेक करून बसलेले असतात. अष्टफलकाचा आकार मोडून दुसरा आकार घ्यायचा म्हटलं की ही सोयीची बैठक मोडते आणि ऊर्जेची मोठी किंमत पडते. लो-स्पिन कोबाल्टच्या, म्हणजे त्याच खालच्या तीन कक्षकांत जोडीजोडीने बसलेल्या, सहा इलेक्ट्रॉनांचंही तेच. हेन्री टॉब यांनी १९५२ मध्ये या सगळ्या माहितीची मांडणी करून लेबाइल आणि इनर्ट असे दोन गट पाडले. २५ अंशांना ०.१ मोलर द्रावणात साधारण मिनिटाभरात क्रिया उरकली तर लेबाइल, नाहीतर इनर्ट. त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं. इनर्ट म्हणजे स्थिर नव्हे, इनर्ट म्हणजे मंद. नेट-सेटच्या पेपरात या एका शब्दावर कितीतरी गुण जातात.

बदल घडण्याचे मार्ग तीन. जुना लिगंड आधी उठून जातो, जागा रिकामी होते आणि मग नवा बसतो, हा डिसोसिएटिव्ह. नवा आधी घुसतो, क्षणभर दाटी होते आणि मग जुना जातो, हा असोसिएटिव्ह. तिसरा इंटरचेंज, म्हणजे एक उठता उठता दुसरा बसतो आणि मधली अवस्था वेगळी काढून दाखवता येत नाही. एसटीतली सीट डोळ्यांसमोर आणा. उतरणारा अजून उभा राहतोय तोवर दारात थांबलेल्याने बॅग टाकलेली असते. यातही उठणाऱ्याची घाई जास्त की बसणाऱ्याची, यावरून पुन्हा दोन पोटप्रकार होतात. लँगफोर्ड आणि ग्रे यांनी १९६५ मध्ये ही विभागणी केली आणि आजही तीच चालते.

द्रावणं

क्रोमियम नायट्रेट नोनाहायड्रेट घ्या. कपाटात हिरवं क्रोमियम क्लोराइड हमखास असतं आणि ते घ्यायचा मोह होतो, पण घेऊ नका. त्या हिरव्या स्फटिकात दोन क्लोराइड धातूला थेट चिकटलेले असतात. ते आपल्या गतीने सुटत राहतात आणि तुम्ही एक क्रिया मोजायला बसून दोन मोजता.

०.८० ग्रॅम क्रोमियम नायट्रेट ०.०१ मोलर नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून १०० मि.लि. करा. हे झालं ०.०२ मोलर. ॲसिड घालायचं, कारण नुसत्या पाण्यात क्रोमियमचे आयन हायड्रॉक्साइडच्या पुलाने एकमेकांना जोडले जातात, आणि तसं जोडलेलं क्रोमियम वेगळ्याच वेगाने चालतं. लवकर विरघळावं म्हणून गरम करू नका. एका बॅचने बर्नरवर धरून विरघळवलं होतं. निळसर जांभळं द्रावण हिरवट झालं आणि दिवसभराची रीडिंग कुठल्याच रेषेत बसेनात. द्रावण त्याच दिवशी करा, महिनाभर ठेवलेलं वापरू नका.

ईडीटीएचं डायसोडियम मीठ १८.६ ग्रॅम, २५० मि.लि. मध्ये. हे ०.२ मोलर. याला कोमट केलं तरी चालतं. पूर्ण विरघळल्यावर सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी पीएच ४.५ ला आणा.

बफरसाठी सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ६ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ४.६ मि.लि., पाण्याने २५० मि.लि. पीएच मीटरवर ४.५ बघून घ्या. चौथी बाटली पोटॅशियम नायट्रेटची, २ मोलर, ५०.५ ग्रॅम २५० मि.लि. मध्ये. ती आयनिक स्ट्रेंग्थ सारखी ठेवण्यासाठी. धनभाराचं क्रोमियम आणि ऋणभाराचं ईडीटीए एकमेकांकडे किती ओढले जातात, हे आजूबाजूला किती आयन आहेत यावर ठरतं. ईडीटीए वाढवताना हे सांभाळलं नाही तर वेग ईडीटीएमुळे बदलला की मिठामुळे, ते सांगता येणार नाही.

आणि पाणी. इथे मला थोडं थांबायचंय.

आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला थंड पाणी सतत लागतं, त्यामुळे टाकी आटली की डिस्टिल्ड वॉटरही आटतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्यावर अशीच वेळ आली आणि मी बोअरचं पाणी गाळून वापरलं. बफरही घातलं नव्हतं, ईडीटीए आपला पीएच आपणच धरेल असं मला वाटलं होतं. क्रिया अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर झाली. मला आनंद झाला, आणि पुढच्या आठवड्यात चांगल्या पाण्यात तोच प्रयोग केल्यावर तो उतरला. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. ते पीएच वर ढकलतं, आणि शिवाय क्रोमियम-ईडीटीएच्या क्रियेला बायकार्बोनेट स्वतःच उत्प्रेरक म्हणून भलताच वेग देतं. हे बघायचं असेल तर दोन नळ्यांत सारखं मिश्रण घ्या, एकीत चिमूटभर खायचा सोडा टाका आणि दोन्ही कोमट पाण्यात धरा. सोड्याची नळी तुमच्या डोळ्यांदेखत जांभळी होत जाते, शेजारची तशीच राहते. मी आता हे प्रात्यक्षिक पहिल्याच तासाला दाखवतो. कॅन भरून डिस्टिल्ड वॉटर आधीच साठवा, उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. पाणी कमी असेल तर प्रयोग पुढे ढकला, पाणी बदलू नका.

तापमान: सोलापूरचा खरा पेपर

पुस्तकात लिहिलेलं असतं "रूम टेंपरेचर". जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरलेली असते तेव्हा सकाळी लॅबमध्ये २२ अंश असतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्याच टेबलावर ४०. या जातीच्या क्रियेची ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलला १०० किलोजूल धरा आणि आर्‍हेनियसच्या समीकरणात टाका. दोन्ही दिवसांच्या वेगात दहापट फरक निघतो. तेच द्रावण, तोच विद्यार्थी, फक्त महिना वेगळा. म्हणून "खोलीचं तापमान" हा शब्द मी जर्नलमध्ये चालवून घेत नाही. आकडा लिहा.

दुसरी अडचण अशी की आपला वॉटर बाथ तापवू शकतो, थंड करू शकत नाही. २५, ३०, ३५, ४० अशी मालिका बाहेरच्या पुस्तकात शोभते. एप्रिलमध्ये आपल्या बाथला ३० अंश ठेवताच येत नाहीत. म्हणून मालिका ४५, ५०, ५५, ६० अशी घ्या. ती बारा महिने जमते, क्रियाही एका सत्रात संपते.

पन्नास अंशांजवळ एका अंशाची चूक म्हणजे वेगात सुमारे बारा टक्के चूक. बाथच्या डायलवर विसंबू नका, थर्मामीटर मिश्रणाच्या फ्लास्कशेजारी पाण्यात बुडवा. पंख्याचा वारा थेट बाथवर येत असेल तर पंखा बंद करा, गरम झालं तरी चालेल.

प्रत्यक्ष रन

पहिल्या रनसाठी १०० मि.लि. च्या बुचाच्या फ्लास्कमध्ये बफर १० मि.लि., ईडीटीए १० मि.लि., पोटॅशियम नायट्रेट ४.५ मि.लि. आणि पाणी २०.५ मि.लि. घ्या. वेगळ्या नळीत क्रोमियम ५ मि.लि. पेक्षा थोडं जास्त घ्या. दोन्ही ५० अंशांच्या बाथमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि मग पहिली दोन-तीन रीडिंग रेषेच्या खाली पडतात. दोन्ही बाथच्या तापमानाला आली की पिपेटने ५ मि.लि. क्रोमियम फ्लास्कमध्ये सोडा. निम्मं पिपेट रिकामं झालं की स्टॉपवॉच सुरू. फ्लास्क गोल फिरवून लगेच परत बाथमध्ये.

आता मिश्रणात क्रोमियम ०.००२ मोलर आणि ईडीटीए ०.०४ मोलर आहे, म्हणजे वीसपट. इतकं ईडीटीए असल्याने ते संपत आलं असं होतच नाही, आणि क्रिया फक्त क्रोमियमच्या प्रमाणावर चालते. यालाच स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणतात. दहापटीच्या खाली जाऊ नका.

मिश्रण होताच पहिला नमुना काढा, मग दर दहा मिनिटांनी ४ मि.लि. बर्फाच्या पाण्यात आधीच गार केलेल्या कोरड्या नळीत सोडा, वेळ लिहा. पन्नासवरून पाच अंशांवर आलं की क्रिया शेकडो पटींनी मंदावते, त्यामुळे रीडिंग घ्यायला तुम्हाला सवड मिळते. कलरीमीटर ५४० नॅनोमीटरवर ठेवा. ईडीटीए घेतलेलं क्रोमियम इथे मूळ क्रोमियमपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश शोषतं. झीरो करण्यासाठी क्रोमियम सोडून बाकी सगळं असलेलं मिश्रण वापरा.

इथे एक बारीक गोष्ट. बर्फातून काढलेलं गार द्रावण क्युव्हेटमध्ये ओतलं की बाहेरच्या काचेवर दव धरतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते क्वचित दिसतं, पण जुलैत पाऊस पडून गेलेल्या दुपारी काच पार धुरकट होते आणि रीडिंग उगाच वर जातं. एका मुलीचे सगळे बिंदू रेषेवर, फक्त दोन वर उडालेले. ती गणित तपासत बसली होती. मी क्युव्हेट उजेडात धरून दाखवली तेव्हा तिच्या बोटाचा ठसा त्या दवावर स्पष्ट उमटलेला होता. मऊ सुती कापड जवळ ठेवा, पुसा, तीस सेकंद थांबा, पुन्हा पुसा, मग आत ठेवा. प्रत्येक नमुन्याला हा क्रम आणि हा वेळ सारखाच.

फ्लास्कचं बूच प्रत्येक वेळी परत लावा. आपल्या कोरड्या हवेत ६० अंशांना उघड्या फ्लास्कमधलं पाणी तासाभरात डोळ्यांना दिसेल इतकं उडतं आणि द्रावण घट्ट होत जातं.

शेवटचं रीडिंग, म्हणजे क्रिया पूर्ण झाल्यावरचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी त्याच मिश्रणातला ८-१० मि.लि. भाग बुचाच्या नळीत घेऊन उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करा, वाचा. पुन्हा दहा मिनिटं तापवून वाचा. आकडा तोच आला तर पूर्ण झालं. हे रीडिंग चुकलं तर ग्राफची शेपटी वाकते आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

आकडेमोड

पद्धत कळावी म्हणून सोयीचे आकडे घेऊ. समजा शेवटचं रीडिंग ०.४०० आहे, आणि ०, १०, २०, ३०, ४० मिनिटांना ०.०३०, ०.१०९, ०.१७१, ०.२२०, ०.२५८ अशी रीडिंग आली. प्रत्येक रीडिंग ०.४०० मधून वजा करा: ०.३७०, ०.२९१, ०.२२९, ०.१८०, ०.१४२. नैसर्गिक लॉग घ्या: −०.९९४, −१.२३४, −१.४७४, −१.७१५, −१.९५२. दर दहा मिनिटांना ०.२४ ची घसरण. सरळ रेषा, स्लोप मिनिटाला ०.०२४, म्हणजे सेकंदाला ०.०००४. हा तुमचा निरीक्षित वेगस्थिरांक. निम्मी क्रिया व्हायला ०.६९३ भागिले ०.०२४, जवळजवळ २९ मिनिटं.

रेषा तीन अर्धायुष्यांपर्यंत, म्हणजे सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत सरळ राहिली तरच फर्स्ट ऑर्डर म्हणा. पहिल्या दहा-वीस टक्क्यांवर कुठलीही रेषा सरळ दिसते. सुरुवातीला थोडा बाक आला तर तो पट्टीने सरळ करू नका, जर्नलमध्ये तसाच दाखवा. ईडीटीए सहा हातांनी धरतं आणि एकेक हात क्रमाने बसतो. मधल्या टप्प्यांची चाहूल अशा बाकातून लागू शकते.

यंत्रणा एका ग्राफमधून कळत नाही

मुलं इथेच थांबतात. फर्स्ट ऑर्डर आली, म्हणजे डिसोसिएटिव्ह, असं लिहून मोकळी होतात. पण फर्स्ट ऑर्डर तुम्हीच आणली, वीसपट ईडीटीए घालून! त्या एका रेषेत यंत्रणेबद्दल काहीच नाही. यंत्रणा कळते ती एकेक गोष्ट बदलून, बाकी सगळं जागच्या जागी ठेवून.

पहिला बदल ईडीटीएचा. ५, १०, १५, २० मि.लि. घ्या आणि त्याच क्रमाने पोटॅशियम नायट्रेट ६, ४.५, ३, १.५ मि.लि., म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थ जवळपास सारखी राहते. बफर आणि क्रोमियम तेवढंच, पाण्याने ५० मि.लि. प्रत्येक रनचा वेगस्थिरांक काढा आणि ईडीटीएच्या प्रमाणासमोर मांडा. रेषा शून्यातून सरळ वर गेली तर वेग ईडीटीएच्या पटीत वाढतोय. आधी वाढून मग आडवी होत गेली तर गोष्ट रंजक होते.

आडवं होण्याचं एक स्पष्टीकरण आयगेन आणि विल्किन्स यांचं. क्रोमियम आणि ईडीटीए आधी एकमेकांजवळ येऊन जोडी करतात, पण मधे पाण्याचा थर तसाच असतो. ही जोडी झटपट जमते आणि झटपट सुटते. तिच्या आतला लिगंड बदल तेवढा मंद. ईडीटीए पुरेसं झालं की सगळं क्रोमियम जोडीत अडकतं, मग आणखी घालून वेग वाढत नाही. वेगस्थिरांकाचा व्यस्त आणि ईडीटीएच्या प्रमाणाचा व्यस्त यांचा ग्राफ काढा. आडव्या अक्षाच्या शून्यावर रेषा जिथे मिळते त्याच्या व्यस्तातून आतला खरा वेग मिळतो, आणि रेषा जिथे मिळते त्या मूळ आकड्यालाच स्लोपने भागलं की जोडी किती घट्ट जमते याचं माप, म्हणजे जोडीचा स्थिरांक.

पण शुद्ध डिसोसिएटिव्ह मार्गाचं समीकरणही अगदी याच आकाराचं असतं. आकारावरून दोघांत निवड होत नाही. निकेलच्या बाबतीत हा पेच सोडवला गेला तो लिगंड बदलून. ॲसिटेट, फ्लोराइड, थायोसायनेट, अमोनिया असे अगदी वेगळ्या स्वभावाचे लिगंड घेतले, जोडीचा स्थिरांक भागून काढला, तर आतला वेग सगळ्यांचा दहा हजारांच्या घरातच राहतो, आणि निकेलवर पाण्याची स्वतःची अदलाबदलही त्याच घरातली. येणारा कोण आहे याने फरक पडत नाही, म्हणजे उठणाराच वेग ठरवतो.

दुसरा बदल पीएचचा, आणि माझ्या मते या प्रॅक्टिकलचा जीव इथे आहे. बफर ४.०, ४.५, ५.० असं तीन पीएचचं करा, ईडीटीएही त्या त्या पीएचला आणा. ५.५ च्या वर जाऊ नका, क्रोमियम गढूळ व्हायला लागतं. वेग पीएचबरोबर ठळकपणे वाढेल. कारण क्रोमियमवरचा एक पाण्याचा रेणू पीएच ४ च्या आसपास प्रोटॉन सोडून हायड्रॉक्साइड होतो. हायड्रॉक्साइड धातूकडे इलेक्ट्रॉन ढकलतो आणि उरलेल्या पाण्यांची पकड सैल करतो. मोजलेले आकडे सांगतात की हायड्रॉक्साइडवाल्या क्रोमियमवर पाण्याची अदलाबदल साध्या क्रोमियमच्या पंचाहत्तरपट वेगाने होते. नुसता वेगच नव्हे, मार्गही बदलतो. दाब वाढवून केलेल्या प्रयोगांत साध्या क्रोमियमचं ॲक्टिव्हेशनचं आकारमान मोलला −९.६ घन सें.मी. आलं, म्हणजे वाटेत दाटी होते, येणारा आधी घुसतो. हायड्रॉक्साइडवाल्याचं +२.७, म्हणजे वाटेत जागा मोकळी होते, जाणारा आधी उठतो. एकच धातू, एक प्रोटॉन गेला आणि आधी कोण, हा क्रमच उलटला.

क्रोमियमने एकदा ईडीटीए धरलं की ईडीटीएवरचे दोन प्रोटॉन सुटतात. बफर कमी पडलं तर पीएच उतरतो आणि क्रिया स्वतःलाच मंद करत जाते. रन संपल्यावर पीएच पुन्हा मोजा. ०.१ पेक्षा जास्त उतरला असेल तर बफर दुप्पट करून रन परत घ्या.

अल्कलीमुळे वेग वाढल्याचं आणखी ठसठशीत उदाहरण कोबाल्टचं. पेंटाअमाइन क्लोरो कोबाल्टमधला क्लोराइड ॲसिडमध्ये २५ अंशांना निम्मा सुटायला साडेचार दिवसांच्या आसपास लागतात. ०.१ मोलर अल्कलीत आठ-दहा सेकंद. हायड्रॉक्साइड धातूवर हल्ला करतं असं आधी वाटेल, पण ते अमाइनवरचा प्रोटॉन काढून घेतं, आणि त्यामुळे क्लोराइड निसटतो. पुरावा असा की ज्या कॉम्प्लेक्समध्ये नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही, उदाहरणार्थ पिरिडीनचं, तिथे अल्कली असा वेग देत नाही.

चौरस आकाराच्या प्लॅटिनमचा कारभार वेगळा. वर-खाली जागा मोकळी असल्याने तिथे येणारा लिगंड सरळ घुसतो, आणि समोर कोण बसलंय यावर कोण उठणार ते ठरतं. हा ट्रान्स इफेक्ट चेर्न्यायेव यांनी १९२६ मध्ये मांडला. कॅन्सरवरचं सिसप्लॅटिन याच नियमाने बनवतात. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने त्याचे क्लोराइड बरेचसे टिकतात, पेशीत क्लोराइड कमी म्हणून तिथे पाणी त्यांची जागा घेतं आणि औषध कामाला लागतं.

तापमानाची मालिका आणि आयरिंगचा ग्राफ

चार तापमानांचे वेगस्थिरांक हातात आले की प्रत्येकाला केल्विनमधल्या तापमानाने भागा, नैसर्गिक लॉग घ्या आणि तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा. हाच आयरिंगचा ग्राफ. स्लोपला ८.३१४ ने गुणलं आणि चिन्ह बदललं की ॲक्टिव्हेशनची एन्थाल्पी मिळते. इंटरसेप्टमधून २३.७६ वजा करून ८.३१४ ने गुणलं की एन्ट्रॉपी.

एन्थाल्पीवर भरवसा ठेवा, एन्ट्रॉपीवर जपून. ४५ ते ६० अंश म्हणजे आडव्या अक्षावर ०.००३१४ ते ०.००३००, एवढासा तुकडा. इंटरसेप्टसाठी ती रेषा शून्यापर्यंत, म्हणजे त्या तुकड्याच्या वीसपट लांब ओढावी लागते. थर्मामीटर अर्धा अंश चुकला तरी एन्ट्रॉपीचं चिन्हसुद्धा पलटू शकतं. म्हणून "एन्ट्रॉपी ऋण, सबब असोसिएटिव्ह" हे वाक्य एका मालिकेवर लिहू नका. शिवाय ईडीटीए कमी असेल तर तुमच्या वेगस्थिरांकात जोडीचा स्थिरांकही मिसळलेला असतो आणि तोही तापमानाबरोबर हलतो. ग्राफ आडवा झाल्यानंतरच्या भागात, ईडीटीए भरपूर ठेवून ही मालिका घ्या.

आवरताना

रन संपले की लिटरभर जांभळं पाणी उरतं. ते सिंकमध्ये ओतू नका. क्रोमियमचा कचरा सोडियम हायड्रॉक्साइड घालून हायड्रॉक्साइडच्या साक्याच्या रूपात बसवायची सवय आपल्याला आहे, पण इथे ते लगेच जमत नाही. थोडं द्रावण बीकरमध्ये घेऊन अल्कली घालून बघा. रंग बदलेल, खाली बसणार काहीच नाही, कारण ईडीटीए क्रोमियमला सोडायलाच तयार नसतं. ब्लीचिंग किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ईडीटीए मोडायचा प्रयत्नही करू नका. अल्कलीत तसं केलं तर तुलनेने निरुपद्रवी त्रिसंयुजी क्रोमियमचं विषारी क्रोमेट होतं. झाकणाचा प्लास्टिक कॅन घ्या, त्यावर "क्रोमियम-ईडीटीए" आणि तारीख मार्करने लिहा, आणि तो घातक कचरा उचलणाऱ्यांकडे जाईपर्यंत कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवा.

क्युव्हेट त्याच दिवशी धुवा. आधी पातळ ॲसिडने, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटरने, आणि उपड्या ठेवून वाळू द्या.